पटावरचा मुलगा

सोमवार, ३ नोव्हेंबर

सुरतेत आलो. खरे म्हणजे उधन्याला उतरलो. आमच्याकडचे कोणी सुरत स्टेशनापर्यंत जातच नाही. डब्यात सगळी दिवाळी करून परतणारी खानदेशी मंडळी. कोणाच्या मांडीवर दादर ज्वारीच्या पिठाचा डबा, कोणाच्या पायाशी मिरच्यांचे गाठोडे, आणि सगळ्यांच्या तोंडी अहिराणी. आमचा सबंध तालुका रुळांवरून चालला आहे असे वाटत होते.

योगराज घ्यायला आला होता. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. आता सदतीस वर्षांचा बाप्या, कानांजवळ केस पिकलेले, पण मला पाहताच हातातली बिडी पाठीमागे गेली. मी न पाहिल्यासारखे केले. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बमरोलीत त्याच्या घरावरची खोली मला दिली आहे. लोखंडी जिना, एक खाट, एक खिडकी. गल्लीच्या दोन्ही अंगांना लूमचे कारखाने, त्यांचा आवाज अष्टौप्रहर. योगराजची बायको जयश्री म्हणाली, आठ दिवस डोकं उठेल, नंतर आवाज बंद पडला की जाग येईल. मला तो आजच आवडला. एक लघु, दोन गुरू. एक लघु, दोन गुरू. सगळी गल्ली भुजंगप्रयात म्हणते आहे.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा जेवलो. जयश्रीने टोमणा मारला की गुरुजी, एवढंसं खाऊन शाळेत छडी कशी उचलायचे. मी छडी कधी उचलली नाही, असे योगराज मोठ्या अभिमानाने म्हणाला.

सखू जाऊन तीन वर्षे झाली. गावच्या घरात मी मोठ्याने कविता म्हणायचो आणि शेवटच्या ओळीनंतर जी शांतता पडायची तिला भिऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचो. इथे तशी शांतता पडणार नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कामाला लागलो. या गल्लीत नव्वद भाडेकरूंच्या खोल्या आहेत. पोलिसांनी प्रत्येकाचा फॉर्म मागितला आहे: नाव, मूळ गाव, जन्मतारीख, आईचे नाव, अंगावरची खूण, फोटो, अंगठा. बारा तास लूमवर उभे राहणाऱ्या माणसाला हे लिहायला कुठला वेळ. म्हणून योगराजने मला बोलावून घेतले. खालच्या ओट्यावर सतरंजी टाकून मी बसतो आणि रांग लागते. पुन्हा शाळा भरल्यासारखे वाटते.

निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून. आमच्या वेळी आईबापांना तारीख ठाऊक नसायची. कोणी सांगायचे, पूर आला त्या साली; कोणी, म्हैस व्याली त्या आठवड्यात. आम्ही मास्तर लोक सरसकट एक जून लिहून टाकायचो. चौकीतले परमार हवालदार फॉर्म न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारले, मास्तरसाहेब, तुमच्या मुलखात एक जूनला पोरांचा पाऊस पडतो की काय. रांग हसली. मीही हसलो. माझाच उद्योग तो.

परमार फोनवर माणसाचा फोटो घेतात आणि फोनच बाकीचे सांगतो. देशभरच्या नोंदी आता एकमेकींना जोडल्या आहेत म्हणे. योगराजला हे मुळीच मान्य नाही. तो रांगेतून उठून गेला आणि जाताना म्हणाला, मन्हं थोबाड मन्हं शे, ते कोणाच्या खिशात फिरावं का नाही हे मी ठरवणार. चोरी केली तर पकडा. चोरी करण्याआधीच कसले मोजमाप घेता. समोरच्या उषाबाईने त्याला तिथेच गाठले. तिचा मुका भाऊ चार वर्षे बेपत्ता होता. ओडिशातल्या कुठल्याशा आश्रमात त्याचा अंगठा घेतला आणि तीन दिवसांत तो घरी आला. तुझं थोबाड ठेव तिजोरीत, ती म्हणाली, मला माझा भाऊ मिळाला.

माझे मत उषाबाईच्या बाजूने पडले. जन्मभर हजेरीपट लिहिला. ज्याचे नाव लिहिले जाते तो हरवत नाही, अशी माझी समजूत आहे. योगराजला मी तसे सांगितले. त्याने गुरुजींचा मान राखून फोटो दिला, अंगठाही दिला; पण जेवायला माझ्याबरोबर बसला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज माझा स्वतःचा फॉर्म भरला आणि एक वेडेपणा करून बसलो. तो इथे लिहून मोकळा होतो.

परमारांच्या फोनमध्ये एक रकाना आहे: सर्वांत जवळचा नातेवाईक. तो रिकामा ठेवला की फोन पुढे सरकत नाही. भाऊ वारला, पुतण्यांनी ओळख सोडली. परमार म्हणाले, कोणाचं तरी नाव टाका मास्तर, उद्या तुमचं काही झालं तर कळवायचं कोणाला. रांगेतली माणसे माझ्याकडे पाहू लागली. मी सांगितले: राघो रघुनाथ बोरसे, मुलगा. जन्म एक जून १९८८. आईचे नाव सखुबाई.

राघो कधी जन्मला नाही. तो मी लिहिला.

चौऱ्याण्णव साली शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, एकाने कमी पडत होता. एका मुलापायी दुसऱ्या शिक्षकाची, म्हणजे माझी, जागा गेली असती. तेव्हा सगळ्याच शाळांत असे एखाददुसरे नाव हवेतून यायचे. मी राघो आणला. बापाच्या जागी माझे नाव घातले, आईच्या जागी सखूचे. गावात बोरसे पन्नास, कोण विचारतो. तपासणीला साहेब आले की योगराज स्वतःची हजेरी देऊन मागच्या दाराने जायचा आणि टोपी बदलून राघो म्हणून परत यायचा. फार झकास करायचा.

पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. चार वर्षे त्याची प्रगती लिहिली. डाव्या डोळ्याखाली तीळ. उपस्थिती शंभर टक्के. स्वच्छता उत्तम. कविता पाठांतर अतिउत्तम. निकालाच्या दिवशी सखू विचारायची, आपला राघो कितवा आला. एकदा तिने त्याच्यासाठी मुरमुऱ्यांचा लाडू बाजूला काढला होता. संध्याकाळी आम्ही तो निम्मा निम्मा खाल्ला.

चौथी झाल्यावर हे सगळे उतरवून त्याचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. तो कोणाला द्यायचा, म्हणून ट्रंकेत ठेवून दिला.

उद्या परमारांना सांगून नाव खोडून घ्यावे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नाव खोडून घेतले नाही. दोन दिवस अंग कसकसत होते. आज परमार स्वतःच जिना चढून वर आले, घामाघूम आणि खुशीत. म्हणाले, मास्तर, मुलाशी भांडण आहे का, कधी बोलला नाहीत. तो तर इथे पलसाण्यातच आहे.

मी म्हटले, कोण.

त्यांनी फोन पुढे केला. राघो रघुनाथ बोरसे. एक जून १९८८. आईचे नाव सखुबाई. डाव्या डोळ्याखाली तीळ. तीळ मी कोणालाही सांगितला नव्हता. मतदार यादीत नाव. दोन सिमकार्डे. कोरोनाची लस, दोन डोस, पलसाण्याच्या केंद्रावर.

मग फोटो. तिशी-पस्तिशीचा माणूस. कान माझे. हनुवटी सखूची, मधोमध खळी असलेली.

मी काय बोललो ते आठवत नाही. परमारांनी पाठीवर थोपटले आणि म्हणाले, बाप-लेकाचं भांडण किती दिवस ठेवायचं.

ते गेल्यावर ट्रंक उघडली. दाखला जागेवर आहे. घडी मी घातली तशीच, कडा पिवळ्या. हा कागद कुठेही गेलेला नाही. कोणी चोरून वापरला म्हणावे तर तेही नाही.

खरे लिहायचे तर मला भीतीच्या आधी दुसरेच काही वाटले. जेवताना मी दोन ताटे मांडली. मग एक उचलून ठेवले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

योगराजला नेले.

सकाळी परमार आले, सोबत पलसाण्याचे एक साहेब. तिथल्या एका डाइंग मिलच्या फाटकावर सोमवारी भरदुपारी वॉचमनचा गळा दाबून खून झाला. कॅमेऱ्यात माणूस अर्धाच दिसतो. यंत्राने नाव दिले: राघो रघुनाथ बोरसे. भांडण का झाले तेही फाटकावरच्या एका बाईने सांगितले आहे. आत जायला आलेल्या माणसाला वॉचमन म्हणाला, वहीत तुझं नाव नाही, तू इथला नाहीस. एवढ्यावरून.

सोमवारी दुपारी. मी रकाना भरला रविवारी.

साहेबांनी तोच चेहरा पुन्हा यंत्राला दाखवला तेव्हा दुसरे नाव आले: योगराज. साम्य चौऱ्याहत्तर टक्के. गाव तेच, शाळा तीच, एक जून तोच. साहेबांचे म्हणणे, दोन माणसे नाहीतच. हा एकच इसम दोन नावांनी राहतो. योगराजची या आठवड्यात रातपाळी. सोमवारी दुपारी तो खाली एकटा झोपला होता. झोपलेल्या माणसाला साक्षीदार कुठला. मी सांगितले की मी वर होतो, त्याचा खोकला मला ऐकू येत होता. साहेब म्हणाले, तुम्ही तर राघोचे वडील. तुम्ही ऐकलेल्या खोकल्याचं काय धरायचं.

योगराज वर माझ्याकडे बघत होता. माझा फोटो तुम्ही द्यायला लावला, असे म्हणाला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, गुरुजी, जयश्रीकडे बघा.

मी तेव्हाच का बोललो नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

परमार एकटे येऊन बसले. भला माणूस आहे. योगराजने चौकीत टोपी बदलून राघो होण्याची गोष्ट सांगितली आहे. त्यांनी मला नीट समजावून सांगितले. राघोची सगळी नोंद शाळेच्या पटातल्या नावावर उभी आहे. त्या शाळेचा मास्तर जिवंत आहे. मास्तरने लिहून दिले की असा मुलगा कधी नव्हता, तर ती नोंद पडते, आणि तिच्या आधाराने धरलेला योगराज सुटतो. असा मुलगा असेल तर तो कुठे आहे ते सांगा. यातले एक काहीतरी मंगळवारी दुपारच्या आत, कारण मंगळवारी त्याला कोर्टात उभे करायचे आहे. त्यानंतर गोष्ट लांबते.

मी म्हटले, उद्या लिहून देतो.

उद्या का? खोट्या पटाची शिक्षा या वयात किती होणार. लाज वाटेल ती वाटेल. दौतीत बुडवलेला टाक वर यावा तसा शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. कारण लिहायचे आहे ते एवढेच की सखूला आणि मला मूल नव्हते. ते मला आयुष्यभर कोणीच लिहायला लावले नव्हते.

जाताना परमारांनी सांगितले की कॅमेऱ्यांनी तसाच एक चेहरा काल कडोदऱ्याच्या चौकात टिपला. पण योगराज तर काल कोठडीत होता, मी म्हटले. परमारांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, यंत्र कधीकधी चुकतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

लिहिले नाही. दुपारी डोळा लागला होता. उठलो तर जयश्री भाकरी घेऊन दारात. विचारत होती, गुरुजी, तुमना पोऱ्या कवय उना? कधी आला? तुम्ही तर म्हणायचे कोणी नाही.

मी विचारले, कोण पोऱ्या.

जिन्याच्या पायरीवर बसला होता म्हणे. तेल लावून नीट भांग पाडलेला. तिने कोण म्हणून विचारले तर म्हणाला, सरांचा मुलगा. काहीतरी गुणगुणत होता, लूमच्या ठेक्यावर, एक अक्षर न चुकता. तिने पाणी दिले. त्याने घेतले नाही.

डोळ्याखाली तीळ होता का, हे विचारायचे धाडस झाले नाही. तिनेच सांगितले.

मग तिने ताट खाली ठेवले आणि माझ्या पायाशी बसली. म्हणाली, तुम्हाला खरंच मुलगा असेल तर तसं सांगा, नसेल तर तसं लिहा. पण काहीतरी करा. माझी पोरगी काल अर्ध्या शाळेतून परत आली, वर्गातल्या मुली तिला खुन्याची म्हणतात. हे सगळे ती अगदी हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर मी सुटलो असतो.

उद्या सकाळी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी कागद घेतला. पेन सापडेना. खाटेखाली, खिशात, कुठेच नाही. खाली जाऊन उषाबाईकडून आणले. वर आलो तर कागद नाही.

भरउजेड आहे. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळे पाळीवर. लूम चालू.

ट्रंकेतला दाखला आता खाटेवर आहे, घडी उलगडलेला. मी उलगडला नाही. माझ्याच हातचे मोत्यासारखे अक्षर. उपस्थिती, स्वच्छता, पाठांतर, वर्तणूक. मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. जेवढे मी लिहिले तेवढाच तो आहे. दया कुठे लिहिली? तसा रकानाच नव्हता. भीतीचाही नाही. आणि वॉचमनने त्याला सांगितले, तुझं नाव नाही.

आता तेच मी सांगणार —

योगराज म्हणाला होता, आपले थोबाड आपले. मला वाटले अडाणी हट्ट आहे. माणूस लिहिला की तो ज्याने लिहिला त्याचाही उरत नाही, हे त्याला लूमवर उभ्या उभ्या कळले होते, मला पस्तीस वर्षे मास्तरकी करून कळले नाही. उषाबाईचा भाऊही खरा आहे. तो घरी आला तेही खरे. दोन्ही कुठे ठेवू.

जिन्यावर पाय. थांबले. परत गेले नाहीत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळचे साडेदहा. योगराजला एक वाजता उभे करणार. जयश्री खाली ओट्यावर कागदासाठी थांबली आहे. परमार मोटारसायकल घेऊन येतील.

तो ट्रंकेवर बसला आहे.

मी मान वर करत नाही. त्याचे हात मांडीवर. नखे कापलेली. स्वच्छता उत्तम.

किती वेळ झाला ठाऊक नाही. काही बोलत नाही. मी त्याला बोलायचे काय ते लिहिलेच नव्हते. फक्त कविता. हळू म्हणतो आहे, चौथीची. सखूच्या आवाजात एक हेल होता तो त्याच्या आवाजात आहे —

मन म्हणते, राहू दे. बघ एकदा तोंड. सदतीस वर्षांचा झाला. एकदा हाक मार.

नाही. योगराजने मागच्या दाराने येऊन माझी नोकरी राखली होती. सहा वर्षांचे पोर ते.

आधी कच्चे इथेच लिहितो. कागद पुन्हा नाहीसा झाला तर जयश्रीने ही वही परमारांना द्यावी.

कविता थांबली.

मी, रघुनाथ धुडकू बोरसे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, शुद्धीवर राहून लिहून देतो की योगराज निर्दोष आहे. चौऱ्याण्णव सालच्या पटावरील एकशे बारावे नाव मी स्वतः —

उठला.

जयश्री खालून विचारते आहे, झालं का गुरुजी. मी लिहितोच आहे. मागे उभा आहे. खांद्यावरून वाचतो आहे. तेलाचा वास. मानेवर हात, थंड नाही, कोमट, लहान मुलाच्या हातासारखा —

एकशे बारावे नाव मी स्वतः घातले. त्या नावाचा मुलगा शाळेत नव्हता, गावात नव्हता, आणि मला व माझी पत्नी कै. सखुबाई हिला राघो नावाचा मुलगा कधी ज